दोनशे बासष्टच्या पुढच्या मुली

अमळनेरच्या सुगंधा पाटीलला जळगावच्या कॉम्प्युटर सेंटरवर लागून सहा महिने झाले होते. बी.एस्सी. झालेली, रोज पॅसेंजरने येणारी, आणि तिथल्या पाच जणांत एकटीच बाई. मालक रुपचंद सर तिला 'मॅडम' म्हणत, ते इतरांना हसू यावं म्हणून.

१९९१ च्या जूनमध्ये धुळ्याच्या एका संस्थेने नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेची फ्लॉपी पाठवली. चारशे अठरा मुली. प्रत्येकीचा नंबर, नाव आणि गुण अक्षरांत लिहिलेले, वय मात्र एका बाइटच्या नुसत्या आकड्यात; सगळं मिळून चौसष्ट बाइटचा एक ठोकळा. ठोकळ्यामागून ठोकळा वाचायचा आणि वरच्या चाळीस जणींची यादी छापायची. प्रोग्रॅम सरांनी स्वतः सी भाषेत लिहिला. यादी त्याच दिवशी धुळ्याला गेली.

सुगंधाची मावसबहीण पुनी त्या परीक्षेला बसली होती. नंबर तीनशे एक. दुसऱ्या दिवशी यादीची प्रत चाळताना सुगंधाच्या लक्षात आलं, की पुनीचं नाव नाहीच, पण दोनशे बासष्टच्या पुढची एकही मुलगी नाही. तिने फाइल किती मोठी आहे ते पाहिलं, चौसष्टने भागलं. बरोबर चारशे अठरा. मग प्रोग्रॅम मध्येच का थांबला? दोनशे त्रेसष्टावी मुलगी सव्वीस वर्षांची होती; तिच्या आधी त्या वयाची कोणीच नव्हती. सरांनी फाइल साध्या मजकुरासारखी उघडली होती, आणि मजकुराच्या फाइलीत सव्वीस हा आकडा म्हणजे 'इथे संपलं' अशी खूण. मशीन तिथेच थांबलं होतं.

फाइल उघडायच्या ओळीत 'आर'पुढे एक 'बी' टाकायचा होता, म्हणजे मशीनने फाइल मजकूर न समजता जशीच्या तशी वाचली असती, एवढंच. तिने टाकला. चारशे अठराही ठोकळे वाचले गेले. पुनी सहावी आली.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना लगेच कळलं. कानशिलं लाल झाली. मग त्यांनी सगळ्यांना हाक मारली.

"या रे, मॅडम आता मला सी शिकवणार!"

"सर, एकशे छप्पन्न मुली वाचल्याच गेल्या नाहीत. आजच फोन केला तर..."

"त्यात तुमची बहीण आहे ना? तिला घुसवायचं म्हणून हा उद्योग?"

सगळे हसले. फोन कोणी केला नाही.

आठवड्याभरात चाळीस जागा भरल्या. मग जास्त गुण मिळालेल्या एका मुलीचे वडील धुळ्याच्या कचेरीत जाऊन बसले, तेव्हा संस्थेने सरांना जाब विचारला. सरांनी लेखी उत्तर दिलं: 'सदर काम कु. एस. पाटील यांनी केले. त्यांना कामावरून कमी केले आहे.' संस्थेने ते पत्र यादीशेजारीच फळ्यावर लावलं. यादी बदलली नाही.

राहिलेल्या मुलींच्या घरचे लोक पत्ता शोधत अमळनेरला आले. एका बाईने आईसमोरच सुगंधावर चप्पल उगारली. वडिलांनी काय झालं ते विचारलंसुद्धा नाही.

"तू त्या मशिनला हात लावायलाच नको होता," एवढंच म्हणाले.

पुनीचं लग्न दिवाळीनंतर शिरपूरच्या एका बिजवराशी ठरलं. हळदीच्या दिवशी सुगंधाने तिला गाठून सगळं सांगितलं. सव्वीसचा आकडा, ते अक्षर, सहावा नंबर. पुनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एकच अक्षर व्हतं ना?" ती म्हणाली. "मंग ते आधी टाकाले तुले काय धाड भरनी व्हती?"

"पुनी, प्रोग्रॅम माझा नव्हता गं."

"कागदवर नाव तुनंच शे."

मावशीने सुगंधाच्या दंडाला धरून तिला दारापर्यंत आणलं आणि जेवायला थांब म्हणाली नाही.

पुढच्या वर्षीही ते काम रुपचंद सरांकडेच आलं. यादी बिनचूक निघाली, कारण मशीनवर सुगंधाने दुरुस्त केलेलाच प्रोग्रॅम होता. संस्थेने सरांचा नारळ देऊन सत्कार केला. सुगंधा तेव्हा अमळनेरला टायपिंगच्या क्लासमध्ये यंत्रांना तेल घालत होती; तिथेही मालकाने तिला सांगून ठेवलं होतं, कोणाच्या कागदाला हात लावायचा नाही.