खिशातला एक किलो

माझा दादा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या बोळातली एक खोली. आत शिरायचं तर अंग चोरावं लागतं, आणि बसायला एकच स्टूल, त्यावरही बहुतेक वेळा कुणाचा तरी काटा उघडा पडलेला. दादाला एक खोड आहे. स्वतःचं पितळी एक किलोचं वजन ठेवून पाहिल्याशिवाय तो जगातल्या कुठल्याही काट्यावर विश्वास ठेवत नाही. ते वजन मऊ फडक्यात गुंडाळलेलं असतं. कुणी नुसत्या हाताने उचललं की तो खेकसतो. सख्ख्या बहिणीवरही खेकसलेला आहे.

त्याची लेक लांबच्या शहरात बाळंत झाली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवून डॉक्टरांनी बाळाला घरी सोडलं तेव्हा वजन होतं दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम. सांगितलं, दहा दिवस बाहेर काढू नका, पण वजन घटतंय असं वाटलं तर ताबडतोब घेऊन या, पुन्हा पेटीत ठेवावं लागेल. झालं! भाचीने घरातल्या माणसं जोखायच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं असा सपाटा लावला. तो काटा सकाळी एक सांगे, दुपारी भलतंच. आठव्या दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, काल वाढलं होतं हो, आज अर्धा किलो कमी दाखवतंय. मला झोपच येत नाही."

"अर्धा किलो असं कुठं घटतं का? तो काटा खोटारडा आहे," दादा म्हणाला. "मी काटा घेऊन येतो."

त्याच्याकडे एका बंद पडलेल्या दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा काटा होता. त्याचा लोखंडी तळ काढून त्याने एका दिवसात लाकडी बसवला, म्हणजे ओझं कमी. रेल्वेने दोन दिवस लागणार म्हणून मी विमानाची तिकिटं काढली, आणि इतकी स्वस्त मिळाली की मी शेजारपाजारी सांगत सुटले.

मी बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई. लोकांना बारीक अक्षरं बोट ठेवून वाचून दाखवली, आणि स्वतःच्या तिकिटाखालची मात्र वाचली नाहीत. शेजारी बसायचं तर वेगळे पैसे. म्हणून दादा चौथ्या रांगेत आणि मी सत्ताविसाव्या. काउंटरवर बोर्डिंग पास छापून घ्यायचा तर त्याचे पैसे. दोघांत मिळून एकच पिशवी, सात किलोची, त्यावर गेलात तर दंड, आणि दंड तिकिटाहून मोठा.

दादा निर्धास्त होता. त्याने दुकानात एका पारड्यात पिशवी ठेवली, दुसऱ्यात सात किलोची वजनं. पिशवी केसभर हलकीच भरली. "पन्नास ग्रॅम शिल्लक आहेत, छोटी. तुला कंगवा न्यायचाय का?"

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पिशवी काट्यावर ठेवली. सात किलो नऊशे पन्नास.

"काका, दंड भरावा लागेल."

"तुमचा काटा चुकतोय."

मी डोळे मिटले. मागे रांग, वर घड्याळ, आणि आमचे बंधुराज सुरू झाले. "मी घरी तोललंय. चाळीस वर्षं हेच करतोय. थांबा, आत्ता दाखवतो." त्याने पिशवी उतरवली, चेन उघडली, आत हात घालून फडक्यातलं पितळी वजन काढलं आणि मोठ्या ऐटीत तिच्या काट्यावर ठेवलं.

एक किलो, शून्य ग्रॅम.

दादा आकड्याकडे बघत राहिला. मग वजनाकडे. मग पिशवीकडे. माझ्या डोक्यात आधी प्रकाश पडला. दुकानात हेच वजन समोरच्या पारड्यात होतं! तोलून झाल्यावर त्याने ते उचलून पिशवीत टाकलं होतं. त्याच्या लेखी सामान म्हणजे जे तोलायचं ते. वजनालाही वजन असतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दादाने वजन उचललं आणि मुलीने पिशवी परत काट्यावर ठेवली. सहा नऊशे पन्नास. तिला हसू आवरेना. "मग काका, आमचा काटा कसा आहे?"

"एक नंबर!" दादा म्हणाला, आणि खरंच खूश होता. "काटे कोण बघतं तुमच्याकडे? चांगला ठेवलाय."

"ते खिशात घाला. खिसे आम्ही तोलत नाही," ती हळूच म्हणाली.

तपासणीला वर्दीतल्या बाईने ते वजन तळहातावर घेतलं. नुसत्या हाताने! दादा कळवळला, पण खेकसला नाही.

"हे काय आहे?"

"एक किलो."

तिने वरच्या साहेबांना बोलावलं. वजन ठेवून घेतलं असतं तर दादाने स्वतःच्याच काट्यावर विश्वास ठेवला नसता, आणि सगळा खटाटोप पाण्यात गेला असता. दादाने बाळाचा काटा उघडून दाखवला, नातीबद्दल सांगितलं. साहेबांनी फडकं स्वतः गुंडाळून दिलं. सबंध प्रवासभर दादा एका हाताने पॅन्ट सावरत चालत होता.

विमान दोन तास उशिरा सुटलं. पाणी विकत. आणि उतरलो त्या विमानतळाला नाव भाचीच्या शहराचं, जागा मात्र कुठल्या तरी माळरानावर! तिथून बसने आणखी दीड तास.

भाचीने दार उघडलं. जावई कामावर गेलेला, तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस विंचरलेले नाहीत. दादाने हातपाय धुतले, टेबलावर काटा मांडला, पितळी वजन ठेवून दांडी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. बरोबर एक किलो. मग पारड्यात दुपटं घातलं, दांडी पुन्हा शून्यावर आणली आणि बाळ ठेवलं.

"दोन किलो तीनशे वीस."

"परत सांगा."

"दोन किलो तीनशे वीस. एकशे ऐंशी ग्रॅम वाढलीय गं पोर."

भाची भिंतीला टेकून बसली आणि रडली. मलाही रडू आलं, लपवलं नाही. मग बाळाला दादाच्या मांडीवर देऊन मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. परत येताना माझी बडबड सुरूच होती: बसचे इतके, पाण्याचे तितके, यात चांगलं विमान आलं असतं, माझीच अक्कल गहाण पडली होती.

"हळू बोल," दादा म्हणाला. "झोपलीय."

बाळ त्याच्या मांडीवर टक्क जागं होतं. झोपली होती ती त्याची लेक. भिंतीला टेकून, बसल्या जागी, तोंड उघडं टाकून.