दाजींची 'मधली' आणि माझी गाडी

आंघोळीपुरती मी पुण्याच्या दवाखान्यातून शिरूरला घरी आले होते आणि आक्काचा फोन आला. "ह्ये गेलं गं…" एवढंच ती म्हणाली. माझी गाडी दारातच उभी होती, पण तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. याला आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, तू होतीस म्हणून दाजी दवाखान्यात तरी वेळेवर पोचले. मी मान हलवते आणि चहा टाकायला उठते.

भागवतदाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, राहू गावचे. वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, दाजींच्या वाट्याला शेती आली, पण त्यांचा जीव अडकला लोखंडात. शिक्रापूरला हायवेलगत पत्र्याची शेड टाकून ते टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. नव्वदनंतर कधीतरी त्यांनी एका जुन्या जीपच्या सांगाड्यावर घरासाठी गाडी बांधली. आठवडाभर तिच्यात चारा आणि कोकरं, लग्न असलं की बाकडी बसवून माणसं. ना जीप, ना टेम्पो, म्हणून दाजी तिला 'मधली' म्हणायचे. खरं सांगायचं तर ती दोन्ही कामांत कच्ची होती. छत गळायचं, बाकडी खडखडायची, आणि माझ्या साखरपुड्याला मी पाहुण्यांसमोर उतरले ती नव्या साडीला कोकराची लोकर घेऊनच. मी फुगून बसले, तर दाजी म्हणतात, "आगं, लोकं लोकरीची शाल इकत घेत्यात. तुला फुकट मिळाली."

पुढं मला शिरूरला बँकेत नोकरी लागली. दोन हजारनंतर कारसारख्या दिसणाऱ्या आणि जीपसारख्या उंच अशा नव्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या, त्यातली एक मी घेतली आणि मिरवायला राहूला नेली. मला वाटलं, दाजी नावं ठेवतील. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दारं उघडून मिटून पाहिली, मागची सीट पाडली आणि जमलेल्या गावासमोर सरळ मागं आडवे झाले. गुडघे थोडे मुडपावे लागले, बाकी सपाट. "जमलं की या कंपनीवाल्यांना," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "मानूसबी मावतो, मालबी मावतो, आन् दिसायलाबी देखणी. म्हंजी म्या येडा न्हवतो." इतका आनंद मला स्वतःला गाडी घेताना झाला नव्हता. थोड्याच दिवसांत मधली भंगारात गेली. "आता ही आहे ना, कधीही हाक मारा," असं मीच त्यांना सांगितलं होतं.

त्या दुपारी हाक मारायचीही गरज पडली नाही, मी राहूलाच होते. जेवणं झाली आणि दाजींच्या पोटात कळ उठली. आडवं पडलं की सोसवायची, उठून बसले की चेहरा काळाठिक्कर. आक्का म्हणाली, "मागली शीट पाड, मी गोधडी टाकते." मी म्हणाले, "घरच्या जावयाला डिकीत घालून न्यायचं? लोक काय म्हणतील, आक्का?" आमच्यात जावयाची जागा पुढं, ड्रायव्हरशेजारी. वडील होते तेव्हा तेसुद्धा दाजींना पुढं बसवून स्वतः मागं बसायचे. आक्कानं हातातली गोधडी परत ठेवली. पण मानाची गोष्ट अर्धीच खरी… दाजींना घरात एकदा उलटी झाली होती आणि मागचं फिकट रंगाचं मॅटिंग नवंकोरं होतं. हे मी तेव्हा कुणालाच बोलले नाही. स्वतःशीसुद्धा नाही.

पुण्यापर्यंत दाजी पुढच्या सीटवर पोट धरून बसून राहिले. खड्डा आला की डोळे घट्ट मिटायचे. मी रडकुंडीला आलेली त्यांना दिसत असावी, कारण यवतच्या पुढं ते म्हणाले, "लई गुळगुळीत चालती गं गाडी." डॉक्टरांना मी नंतर पुन्हा पुन्हा विचारलं. आडवं आणलं असतं तरी काही फरक पडला नसता, असं ते म्हणाले. जगण्यामरण्यात नसेल पडला, त्या वाटेवर तरी पडला असता. एकच गाडी देखणीही असावी आणि कामाचीही, हा दाजींचा आयुष्यभराचा ध्यास. बांधणाऱ्यांनी ती तशी बांधली होती, तिच्यात माणूस मावत होता. मीच मावू दिला नाही.

दहाव्याला राहूला गेले, तर ओसरीच्या पायरीशी दाजींच्या चपला. मी आक्काला विचारलं, दाजी अनवाणीच गेले का? "व्हय," ती म्हणाली. "तू गाडी दाराशी लावत हुतीस. मी चपला पायाशी सारल्या, तर ह्ये म्हनलं, ऱ्हाऊ दे. शेणाच्या हायत. तिची गाडी खराब हुईल."

चपला अजून तिथंच आहेत. आक्का रोज सकाळी त्यांच्या कडेनं झाडते.