सत्काराला आलेला बैल

चहा सांगितलाय, येतोच. पण घोट तोंडात असताना ऐकू नका. मागं हाच किस्सा ऐकताना आमच्या मुख्याध्यापकांनी अर्धा कप माझ्या शर्टावर उडवला होता. आता काय सांगू तुम्हाला! चोरी करताना फजिती झालेली माणसं तुम्ही पाहिली असतील. माझी फजिती झाली ती इमानदारी करताना. तीही मांडव घालून, फेटा बांधून, माइकवर!

मी लातूरला एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. हक्क आणि कर्तव्यं. वर्गात पोरं ऐकत नाहीत, म्हणून माझं उरलेलं शिकवणं वर्गाबाहेर चालतं. रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याला, दाढीला बसलो तर सलूनवाल्याला. वस्तरा त्याच्या हातात असतो, तरी मी थांबत नाही.

त्या दिवसांत आमच्या घरी अबोला होता. कारण? टॉवेल-टोपी!

त्याचं असं झालं. अधिक महिना होता. धोंड्याच्या जेवणाला जावयांना बोलावणं, म्हणून आम्ही देवणीला सासुरवाडीला गेलो. पुरणाचे धोंडे झाले, वर तुपाची धार झाली, जेवणं झाली. मग माझा मेहुणा बालाजी आहेर घेऊन उठला. धाकट्या साडूला शर्ट-पँटचं कापड. आणि मला, थोरल्या जावयाला? टॉवेल-टोपी! मी तिथं काही बोललो नाही. फक्त लातूरपर्यंत तोंड फुगवून आलो आणि घरात पाऊल टाकताच एवढंच म्हणालो, "तुझ्या भावाला माणसाची किंमत कळत न्हाई."

झालं! संगीतानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, बोलणंच टाकलं. मग मीही टाकलं.

आता आमच्या घरात अबोल्याची एक रीत आहे. एकमेकांशी बोलायचं नाही, भांड्याकुंड्यांशी बोलायचं. ती कुकरला सांगायची, "लोकाला भूक लागली असंल तर ताट वाढलंय." मी टीव्हीला सांगायचो, "लोकाला मीठ किती घालावं कळत न्हाई." असा आमचा संसार सुखात चालला होता.

एका संध्याकाळी ती कुकरला बरंच काही सांगत होती. बालाजीनं त्याचा देवणी बैल बिदरकडच्या कुण्या बसप्पाला विकलाय. लेकीचा नंबर नांदेडच्या कॉलेजात लागलाय, फी भरायची तारीख जवळ आलीय. दाजी शिकलेले, फीचं तेच नीट बघतील, म्हणून बसप्पा पैसे दाजींच्याच खात्यात टाकणार आहे. तिनं त्यासाठी माझ्या पासबुकाचा फोटोही काढून धाडला होता. बालाजीनं मला सरळ फोन का केला नाही म्हणता? टॉवेल-टोपीनंतर त्याची हिंमतच होत नव्हती हो!

हे सगळं ती मोठ्यानं, स्वच्छ आवाजात सांगत होती. तुम्ही ऐकलंत ना? मी नाही ऐकलं. 'बालाजी' एवढा शब्द कानावर पडला आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन-चार दिवसांनी मधल्या सुट्टीत माझा मोबाइल वाजला. खात्यात एक लाख ऐंशी हजार जमा! पाठवणारा कुणी बसप्पा. माझ्या खात्यात पगाराशिवाय आजवर काही आलं असेल तर व्याजाचे चार रुपये. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं नवी मोटारसायकल डोळ्यांपुढं उभी राहिली. मी तिच्यावर बसलो, किक मारली, बार्शी रोडला एक चक्करही टाकली. मग आतला नागरिक जागा झाला. अरे, ही तर बँकेची चूक! आणि चूक बँकेची असली तरी पैसा ठेवून घेणं हा गुन्हा माझा! मी अर्धी रजा टाकली आणि तडक बँकेत गेलो.

मॅनेजर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बराच वेळ पाहिलं.

"सर, यात चूक काही दिसत नाही. नाव तुमचं, खातं तुमचं. कुणीतरी तुम्हालाच पाठवलेत पैसे."

"मॅडम, बिदरकडच्या एकाही माणसाला मी ओळखत नाही. चूक तुमचीच आहे."

"घरी विचारलंत का?"

घरी? घरी कुणाला विचारणार? कुकरला?

"घरी विचारायचा संबंधच येत नाही!" मी गरजलो.

"मग चार दिवस थांबा ना सर. ज्याचे असतील तो विचारत येईल. एवढी घाई कशाला?"

हे मात्र मला झोंबलं. मी खुर्चीवरून उठलो. केबिनचं दार उघडंच होतं, बाहेरची रांग माझ्याकडं बघायला लागली. आणि बघणारी माणसं दिसली की माझ्यातला मास्तर आवरत नाही.

"ऐका!" मी दारात येऊन म्हणालो. "खात्यात चुकून पैसे आले तर जबाबदार कोण? बँक! पण ते खर्चून टाकले तर जबाबदार कोण? खातेदार! आणि माणूस ते परत द्यायला आलाय नि कुणी घेत नाही, तर जबाबदार कोण?"

"बँक!" अख्खी रांग ओरडली.

"ते समदं खरं हाय," मागून एक आजोबा म्हणाले, "पर माझ्या पेन्शनीचं तेवढं बगा की आधी!"

मॅडमनी शेवटी हात जोडले. "सर, हे पैसे तुमचे नाहीत असं लिहून द्या. मी पाठवणाऱ्याला परत पाठवायची व्यवस्था करते."

"देतो लिहून! सगळी जबाबदारी माझी!"

बघा, हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललो. कुणी डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं.

पैसे परत गेले. त्या बाजूला बसप्पानं पैसे पाठवल्याचं बालाजीला कळवलं होतं, बालाजीनं संगीताला कळवलं होतं. म्हणजे देवणीपासून लातूरपर्यंत सगळे निवांत. आणि मी तर काय, जमिनीला पायच लावत नव्हतो.

त्या रांगेत आमच्या कॉलनीतले देशमुख साहेब होते. रिटायर माणूस, सत्कार करायची भारी हौस. दहावी पास झालेला, बदली होऊन आलेला, बदली होऊन गेलेला, त्यांना कुणीही चालतो. आमच्या लातूरला सत्काराला कारण लागत नाही, शाल लागते, आणि ती त्यांच्या कपाटात घडी घालून तयार असते.

"सर, येत्या रविवारी तुमचा जाहीर सत्कार!" ते म्हणाले. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ येऊ नये म्हणून लगेच हो म्हणून टाकलं.

शनिवारी चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो आणि खाली 'प्रामाणिकपणाचा दीपस्तंभ'. फोटो लग्नातला दिला होता, त्यामुळं हा कोण म्हणून लोक जरा थांबून बघत होते. संगीतानंही पाहिला. घरी येऊन कुकरला म्हणाली, "लोकानं असे कोणते दिवे लावलेत म्हणावं?" तेव्हा जरी मी तोंड उघडलं असतं तरी सगळं निभावलं असतं. पण मी टीव्हीकडं बघून नुसतं गालात हसलो.

रविवार उजाडला. कॉलनीच्या मोकळ्या जागेत मांडव, खुर्च्या फुल्ल. शेजारणींनी ओढून आणलेली संगीता शेवटच्या रांगेत. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि माइक हातात दिला. मी "हक्क आणि कर्तव्य ही एकाच नाण्याची..." इथवर आलो, आणि कर्नाटक पासिंगचा एक टेम्पो सरळ मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबला.

टेम्पोत बैल! पांढराशुभ्र, अंगावर काळे ठिपके, रुबाबदार देवणी बैल. पुढून धोतर नेसलेला एक धिप्पाड माणूस उतरला.

"जाधव सर कोन?"

"मीच!" मी माइकवरून म्हणालो.

त्यानं बैल उतरवला, तरातरा स्टेजपाशी आला. "येन्री सर, हे काय? पैसा कामून वापस धाडला? सौदा मोडायचा तर तोंडानं बोलायचं की! मी कुनाचं जनावर फुकट ठेवून घेणारा न्हाई. पासबुकाच्या फोटोवर पत्ता होता, शोधत आलो. जिथून पैसा वापस आला, तिथंच बैल वापस!"

आणि कासरा माझ्या हातात!

मला काही समजेना. देशमुख साहेबांना मात्र सगळं समजलं. त्यांनी दुसरा माइक उचलला. "बंधू-भगिनींनो! सरांच्या इमानदारीवर खूश होऊन, थेट कर्नाटकातून, या शेतकरी बांधवानं सरांना बैल भेट दिलाय! जोरदार टाळ्या!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आजवर शिक्षकाला पेन मिळालेत, घड्याळं मिळालीत, बैल कुणाला मिळालाय? माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. एका हातात माइक, एका हातात कासरा. मी म्हणालो, "हा बैल मी नम्रपणे स्वीकारतो, आणि..."

"अहो!"

शेवटच्या रांगेतून आवाज आला. कितीतरी दिवसांत संगीता पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"अहो, तो आपल्या बालाजीचा नवाब हाय! आन् त्याचे पैसे कुटं हायत?"

"कसले पैसे?" मी विचारलं. माइक चालूच होता.

"बसप्पानं पाठवलेले! पोरीच्या फीचे! परवा शेवटची तारीख हाय. मी सांगितलं होतं की!"

"मला? कधी?"

"कुकरला!"

मांडवात आधी एक बाई फिस्सकन हसली, आणि मग खुर्च्या हलायला लागल्या. देशमुख साहेब हळूच दुसऱ्या बाजूला सरकले. तेवढ्यात नवाबनं मांडवाची झालर ओढून चघळायला घेतली.

मला मात्र बालाजीची लेक डोळ्यांपुढं दिसायला लागली. ती पोरगी लहानपणी सुट्टीत माझ्याकडं राहायला यायची, गणितं घेऊन बसायची. तिचं कॉलेज माझ्या लेखी नकारानं गेलं की काय? खरं सांगतो, त्या क्षणी मला फेट्याचं ओझं सोसेना.

संगीतानं बालाजीला फोन लावला. तो मोटारसायकल पळवत उदगीरमार्गे येईपर्यंत मांडवातून एक माणूस हलला नाही. सत्काराला असला कार्यक्रम रोज कुठं मिळतो? बसप्पा मात्र पाठ फिरवून बसलेला. "आता मला बैल नको. एकदा बेइज्जती झाली, बस्स."

बालाजी आला. घामानं भिजलेला, चेहरा उतरलेला. नुसता म्हणाला, "दाजी..." तेवढंच मला पुरलं.

मी माइक ठेवला. बसप्पापुढं जाऊन हात जोडले. "बसप्पा, चूक बँकेची न्हाई. तुमची न्हाई, बालाजीची न्हाई. बायको सांगत होती आन् मी टीव्हीचा आवाज वाढवला. पोरीचं वर्ष वाया जाईल हो. माझ्यावर राग धरा, सौद्यावर धरू नका."

बसप्पानं मला फेट्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "मास्तर लोकांनी चूक कबूल केलेली पैल्यांदाच बगून राहिलो मी," तो म्हणाला आणि उठला. "चल रे बालाजी. भाव कर."

आता तुम्हाला ठाऊक आहे, बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं करत नाहीत. कापडाखाली हात घालून, बोटं दाबून करतात. दोघांनी इकडंतिकडं कापड शोधलं आणि दोघांचीही नजर माझ्या खांद्यावर आली. माझ्या सत्काराची शाल! बालाजीनं ती अलगद उतरवली, दोघांच्या हातांवर टाकली, आणि शालीखाली बोटांची झटापट सुरू झाली. देशमुख साहेबांना राहवेना. "आता बोलणी रंगात आलेली आहेत," ते माइकवर सांगत होते.

सौदा जमला. भाव जुनाच राहिला. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच बसप्पा म्हणाला, "पर टेम्पोचं भाडं? बिदरहून लातूर, लातूरहून बिदर. याला जबाबदार कोन?"

मी तोंड उघडायच्या आधीच सगळा मांडव एका सुरात ओरडला, "सर!"

इतकी वर्षं शिकवतोय, पण सगळ्यांचं उत्तर एकदम बरोबर आलं ते त्या दिवशी. भाडं मी भरलं. मोटारसायकल पुन्हा एकदा डोळ्यांपुढून निघून गेली.

मंगळवारी मी स्वतः त्या पोरीला घेऊन नांदेडला गेलो आणि फी भरली. तिनं भर ऑफिसात माझे पाय धरले. अहो, जिंकलो मी! सगळ्या बाजूंनी जिंकलो! बैल बिदरला पोचला, पोरगी कॉलेजात गेली, अबोला सुटला, आणि सत्कार तर झालेलाच होता, तो काय कुणी परत घेणार? बँकेत गेलो की मॅडम आजही उठून उभ्या राहतात. भीतीनं का असेना, राहतात!

फक्त एक गोष्ट राहिली सांगायची. त्या रविवारी सौदा झाल्यावर बसप्पानं पैसे पाठवायला मोबाइल काढला. मी छाती पुढं काढून म्हणालो, "घ्या, खाते नंबर तोच हाय माझा."

बसप्पानं बालाजीकडं बघितलं. बालाजीनं संगीताकडं बघितलं. मग तो माझ्याजवळ आला, शाल पुन्हा माझ्या खांद्यावर नीट घातली, वाकून पाया पडला आणि म्हणाला,

"दाजी, मान तुमचा. खातं अक्काचं."