वच्छलाबाईंनी राखलेला कोपरा

राजुऱ्याला आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं. दुपारच्या चहाला बाहेर आले तेव्हा फोनवर मंदाचे सहा मिस्ड कॉल होते. मंदा म्हणजे वच्छलाबाईंची लेक. लावला तर ती एवढंच म्हणाली, "मॅडम, माय गेली… सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात न्याले गाडी बोलावेस्तोवर गेली." खरं सांगायचं तर मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. आता कोण दाखवणार, हाच विचार पहिला आला. मग माझीच लाज वाटली. या गोष्टीला महिना होऊन गेला. लाज कमी झाली, भीती आहे तशीच आहे.

वच्छलाबाई आमच्या शाळेत पोरांची खिचडी रांधायच्या. कोरपन्याकडच्या या गावात चौथीपर्यंतची शाळा आहे. चार वर्षांपूर्वी मी चिमूरहून बदलून आले, तेव्हा त्यांची इथली सात वर्षं झाली होती. किरकोळ अंगाची, कमी बोलणारी बाई. शाळेला पक्की स्वयंपाकखोली होती, पण त्या चूल मांडायच्या अगदी दारात. सगळा धूर वर्गात यायचा. आतला उजवा कोपरा चांगला मोकळा आणि कोरडा, पण तिथं त्यांनी फक्त पाण्याचे दोन माठ ठेवलेले. मी एकदा विचारलं, "बाई, चूल आत का नाही घेत?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिथी नाई मॅडम. ते जागा बरी नाई." मी मनात हसले. त्याच आठवड्यात पोरांना अंधश्रद्धेवर बोलले, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं.

पुढच्या श्रावणात त्या तापानं पडल्या. त्यांच्या जागी मी सिंधू नावाच्या एका पालक बाईला बोलावलं. पाऊस आडवा येत होता, दारातली चूल विझून विझून जायची. शेवटी मीच पदर खोचला, माठ हलवले, विटा उचलल्या आणि कोपऱ्यात चूल मांडून दिली. तांदूळ उकळायला लागले होते. एवढ्यात वच्छलाबाई आल्या… भिजलेल्या, डोळे लाल, चपला नाहीत पायात. कोणी त्यांना सांगितलं कोण जाणे. त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि पेटत्या चुलीवर उपडी केली. भात, राख, सगळं फरशीवर. मी इतकी संतापले! "पोरं उपाशी राहतील याची शरम नाही? उद्यापासून येऊ नका." त्या खाली बसल्या, थंडीनं हुडहुडत. "नाई येत. पन इथी आग नोका पेटवू. तुमच्या पाया पडून राह्यली मी." मग मला हाताला धरून त्या भिंतीच्या मागं घेऊन गेल्या. त्या कोपऱ्याच्या नेमक्या बाहेर पावसाचं डबकं साचलं होतं. त्यातून बुडबुडे येत होते. पाऊस थांबला, डबकं शांत झालं, तरी ते येतच होते. एकामागून एक, कोणीतरी खालून श्वास सोडत असल्यासारखे.

मग तिथंच त्यांनी सांगितलं. शाळा नव्हती, नुसतं पडीत रान होतं, तेव्हा इथं कोळसा शोधायला मशीन आलं होतं. ठिकठिकाणी खोल भोकं पाडायची, माती-दगड तपासायचा आणि पुढं जायचं. नवरा मशीनवर मजूर, वच्छलाबाई तिथल्या पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायच्या. या जागी भोक पाडून झालं, मशीनचे दांडे वर काढले. नवरा वाकून पाहायला गेला, तोंडात बिडी. "भक्कन् आवाज झाला मॅडम… निळी आग. त्याचं तोंड मले ओळखू नाई आलं." अकरा दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात काढून तो गेला. त्या परत आल्या तेव्हा ठेकेदार मशीन घेऊन निघून गेला होता. भोकात लाकडाचा खुंटा ठोकून वर माती लोटलेली. पुढं त्या जागेवर शाळा आली, स्वयंपाकखोली आली. बांधकामाच्या वेळी त्यांनी सांगून पाहिलं, पण नवऱ्याच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं म्हणून लोक हसले. "मंग मी खिचडीचं काम मांगून घेतलं," त्या म्हणाल्या. "दुसरी कोनी आली असती, तं तिनं तिथीच चूल मांडली असती."

आणि ती मी मांडली होती. त्या दिवशी वर्गात एकोणतीस पोरं होती. आजही हजेरी घेताना मी पोरं दोनदा मोजते.

मी स्वयंपाकखोलीला कुलूप लावलं. खिचडी वच्छलाबाईंच्या अंगणात शिजू लागली, वर्ग गावच्या समाजमंदिरात भरू लागला. खाण खात्याला अर्ज केले. असं भोक आमच्या नोंदीत नाही, एवढंच उत्तर यायचं. पुढच्या वर्षी सरकारनं अशी सोडून दिलेली, आतून गॅस सुटणारी भोकं बुजवून जागा साफ करायला पैसा दिला आणि एक तरुण इंजिनिअर यादी घेऊन ग्रामसभेत आले. आमच्या गावची तीन भोकं यादीत होती. तिन्ही शेतातली. शाळेचं नव्हतं. इंजिनिअर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मॅडम, यादीत नाही त्यावर सरकारी पैसा कसा लावू? उद्या मलाच विचारतील." तेव्हा बायांच्या घोळक्यातून वच्छलाबाई उठल्या. "साहेब, यादी ज्यानं केली तो मशीन घेऊन पळाला. माहा नवरा कोनत्या यादीत आहे मंग?" "तुमच्यापाशी गॅस पाह्याचं यंत्र आहे म्हनते. एक डाव तिथी ठेवा. नाई वाजलं, तं गावासमोर माफी मांगीन."

इंजिनिअर कुलूप उघडून आत गेले, फरशीच्या भेगेशी यंत्र धरलं आणि ते असं काही किंचाळलं… बाहेर उभ्या माणसांनी पोरं छातीशी धरली. इंजिनिअर धावतच बाहेर आले. "सगळे लांब व्हा. बिड्या विझवा, मोबाईल बंद करा."

मंजुरीला सगळा हिवाळा गेला. मग पाणी मारत मारत फरशी फोडली, तेव्हा खाली खरोखरच लाकडाचा खुंटा निघाला, भुसा झालेला. तळापर्यंत नळी सोडून खालून वर सिमेंट भरत आणलं. वच्छलाबाई तीन दिवस समोरच्या कडुनिंबाखाली बसून होत्या. शेवटी यंत्र पुन्हा धरलं, वाजलं नाही. फरशी झाली, मी काडेपेटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत केली. "तुमीच पेटवा मॅडम. माह्याच्यानं नाई होत." मी पेटवली.

त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अजून एक आहे. तेबी त्यायच्या यादीत नाई. नाल्याच्या पलीकडं, मोहाच्या झाडाजवळ. तुमाले दाखवीन." मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या. मग सुट्टी लागली, मग पावसात नाला भरला, मग त्यांचे गुडघे दुखायला लागले. आणि माघात हा फोन.

गेल्या आठवड्यात इंजिनिअर परत आले. पुढचा निधी आलाय, या खेपेला यादीबाहेरचंही घेता येतं, म्हणून आधी वच्छलाबाईंचं घर विचारत आले. त्या गेल्याचं आणि मोहाजवळच्या भोकाचं मी सांगितलं. मग आम्ही दोघं नाल्यापलीकडे गेलो. तिथं मोहाची झाडं साठ-सत्तर तरी असतील. इतक्या वर्षांत काही पडली, काही नवी वाढली. संध्याकाळपर्यंत यंत्र घेऊन फिरलो. काही वाजलं नाही. ते म्हणाले, मातीनं तोंड बुजलं असेल तर वरून कळणारही नाही. मोठं यंत्र मागवतो, वेळ लागेल.

वेळच नाही. फाल्गुन लागलाय, मोह फुलायला आलाय. फुलं वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून इथं लोक झाडाखालचा वाळका पाला पेटवून देतात. मी घरोघर गेले. "यंदा आग लावू नका, नाल्यापलीकडं तरी नका." माणसं ऐकून घेतात, मॅडम म्हणून पाणी विचारतात आणि एकमेकांकडे पाहतात. एक म्हातारी हळूच शेजारणीला म्हणाली, "वच्छलाचं हिले लागलं वाटते."

आता रोज शाळेच्या आधी मी, मंदा आणि सिंधू खराटे घेऊन पलीकडे जातो. पाला हातानं झाडून ढीग लांब नाल्याच्या रेतीत टाकतो, म्हणजे कोणाला पेटवायचं कारण उरू नये. आजवर अठरा झाडं झाली. झाडताना खालची माती जरा पोकळ लागली की आम्ही तिघी थांबतो… आणि कोणीच पाय पुढं टाकत नाही.