पाण्याच्या पुढे सायकल

पाटाला पाणी सुटलं की आमच्या पाटकऱ्याच्या अंगात यायचं. कोरड्या पाटात कुणी वाळवण घातलेलं असे, कुणी जनावर बांधलेलं, म्हणून तो पाण्याच्या पुढे सायकल हाणत प्रत्येक पुलाशी ओरडे, "पानी आलं वो!" त्र्याण्णव साली मी घोडेगावाकडे शिक्षक होतो. सुट्टी असली की माझीही सायकल त्याच्या मागे. चढ, उतार, ऊस, बाभळी, आणि पाठीमागून फेसाळत येणारं गढूळ पाणी! "मास्तर, चढाला बोलू नगा, दम जातू," म्हणायचा, आणि स्वतः मात्र अख्खा चढ बोलत राहायचा.

एकदा पुलाखालच्या सावलीत वासरू बांधलेलं दिसलं. सायकल टाकून तो पाटात उतरला. दाव्याची गाठ सुटेना. दातांनी ती सोडवून वासरू वर ढकलेपर्यंत पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं आणि आम्हाला मागे टाकून पुढे गेलं.

"हरलो की वो," तो मान खाली घालून म्हणाला.

आम्ही निघालो, तर पुढच्या वस्तीवरची माणसं काठाकाठाने पळत येताना दिसली. सर्वांत पुढचा म्हातारा लांबूनच ओरडला, "आरं बाबा, पानी आलं आन् तुजी हाक न्हाई! तुलाच हुडकाय निगालो हुतो."