सोन्याचे कण

आमचे शेजारी भाऊ जंगलखात्यातून निवृत्त झालेले. मुलाने पाठवलेलं साखर मोजायचं यंत्र ते देवाच्या कोनाड्यात ठेवतात आणि घरी येईल त्याला पट्टी दाखवतात. "नॅनो हाय हे. सोन्याचे कण हायेत याच्यात. साखर लागली का करंट तयार होते आन् आकडा येते." नॅनो म्हणताना त्यांचा आवाज देवळातल्यासारखा खाली येतो.

स्वतःचं बोट टोचायच्या आधी ते साबणाने हात धुतात, नखंसुद्धा घासतात. वहिनी मात्र पहाटेपासून मोहफुलं वेचून येतात, आणि टोपली खाली ठेवताच हे त्यांना ओसरीवर बसवून तसंच बोट टोचतात. आकडा चढलेलाच असतो. होळीपासून वहिनींचा चहा बिनसाखरेचा आणि भात मूठभर झाला. आता फुलं वेचताना त्यांना चक्कर येते.

परवा माझ्याने राहवलं नाही. "भाऊ, त्यांच्या बोटाले मोहाचा गोड रस लागून हाय. मशीन तोच मोजून राह्यली. हात धुऊन तं पाहा."

वहिनींनी हात धुतले. आकडा अगदी चांगला आला. त्या कितीतरी दिवसांनी हसल्या.

भाऊंनी पट्टी उपसून अंगणात फेकली. "खराब निंगाली," म्हणाले.

आज सकाळी कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला. वहिनी टोपली ठेवून रांजणाकडे वळल्या होत्या.

"हात राहू दे. पयले इथी बस."

वहिनी बसल्या आणि त्यांनी बोट पुढे केलं.