पिशवीवरचे दोन शब्द

दयानंदबद्दल लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तो काही मोठा माणूस नाही. मूळचा धाराशिवकडचा, आता जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहतो आणि तिथल्याच दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत बसतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ गेणूदादा त्या दवाखान्यात होता, तेव्हापासून मी त्याला ओळखतो.

वर वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. आम्ही नातेवाईक खाली त्याच्या खिडकीपुढं उभे असायचो. वरून चिठ्ठी यायची, औषध आम्ही घ्यायचं आणि वर त्यानं पाठवायचं. एखादं इंजेक्शन संपलेलं असलं की शिव्याही त्यालाच.

“आत गोळ्या पेरल्यात का रं? किती येळ हुबं करतुयास?” नेऱ्याचा भिवाजी ओरडायचा.

“पेरल्यात, मामा. उगवल्या की पहिल्या तुम्हाला.”

मास्कच्या वाफेनं दयानंदचा चष्मा धुरकट झालेला, तरी जीभ गोड.

न वापरलेली औषधं वरून पिशवीत परत यायची. पिशवीवर पेशंटचं नाव असायचं. एके दिवशी भिवाजीच्या बायकोची पिशवी आली आणि थोड्या वेळानं त्याला डॉक्टरांनी वर बोलावलं. तो खाली आला तो भिंतीला धरूनच. बायको गेली होती. तेव्हापासून पिशवी दिसली की सगळ्यांच्या छातीत धस्स व्हायचं. एक म्हातारी तर मुलाच्या नावाची पिशवी बघून जागीच कोसळली. मुलाचं नुसतं औषध बदललं होतं.

त्यानंतर दयानंदनं जाड पेन घेतलं आणि पिशवीवर ठळक लिहायला लागला, ‘औषध बदलले’. ते वाचलं की लोकांच्या जिवात जीव यायचा.

मग गेणूदादाची पिशवी आली. दयानंदनं पिशवी फिरवून मला दाखवली. औषध बदलले.

मी लगेच गावी, रिह्याला, अंबावहिनीला फोन लावला. “वहिनी, दादाचं औषध बदललंय.”

“म्हंजी बरं हाय न्हवं?”

“व्हय. बरं हाय.”

फोन खिशात ठेवला नाही तोच डॉक्टरांनी वर बोलावलं. दादा सकाळीच गेला होता.

मी खाली कसा आलो, ते आठवत नाही. खिडकीच्या गजांना धरून म्हणालो, “खोटं लिवलंस तू. मी वहिनीला सांगून बसलो.”

दयानंद जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सगळ्यांवर तेच लिहितो, काका. काहींवर लिहिलं नाही, तर कोरी पिशवी बघूनच माणूस इथं पडेल. सांगायचं डॉक्टरांनी. पण तिथवर जिना चढायला पायात बळ लागतं ना?”

त्याच्यामागं परत आलेल्या पिशव्यांचा ढीग होता. सगळ्यांवर तेच दोन शब्द. शेजारी एक बाई आपल्या माणसाची पिशवी वाचून हसत होती, देवाला हात जोडत होती. तिला सांगावं म्हणून दोन पावलं पुढं झालो. मग तसाच बाहेर निघून आलो.

दादाला गावी आणता आलं नाही. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनीपुढं दयानंदला वाईटसाईट बोललो. खोटारडा म्हणालो, तक्रार करतो म्हणालो. ती शेळ्यांना पाला टाकत होती.

“त्या पोराला बोलू नका, भावजी,” ती म्हणाली. “ह्ये दवाखान्यात गेल्यापासनं माज्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुमचा फोन आला आन् मी भाकरी थापली. पोटभर जेवले. मागनं तुमचा दुसरा फोन आला.”

माझी रक्तदाबाची गोळी मी अजून त्याच खिडकीतून घेतो. तो पुडी बांधतो, मी ती घेतो. तक्रार केली नाही. त्यानं बरोबर केलं, असंही मला अजून म्हणता येत नाही.